बरं होण्याचे सात टप्पे

४ फेब्रुवारी

कुठली खोटी जखम कशी रंगवली ते टिपायच्या वहीत मागची साठ-सत्तर पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा लिहावं म्हटलं. पुढून जखमा, मागून मी. मेकअपच्या खोलीत माझा निम्मा दिवस वाट बघण्यातच जातो. बाकीचे मोबाइल बघत बसतात, माझे डोळे चुरचुरतात.

आजपासून मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं चित्रण सुरू झालं. पहिलं इतकं चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नायक तरी कसला, एका कचेरीतला कारकून. कुणी आवाज चढवला की हा टेबलाखाली. म्हणून प्रेक्षकांनीच त्याचं नाव ‘ससा’ ठेवलं. त्याला एकच देणगी आहे: कापलं, भाजलं, मोडलं तरी बघता बघता बरा होतो. आता असा माणूस छाती काढून फिरेल की नाही? पण हा आणखीच घाबरतो, कुणाला कळलं तर काय म्हणून. आणि ज्याने मारलं त्याचीच माफी मागतो.

ससा म्हणजे आमचा बाळ्या, माझ्या ताईचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला तरी घरात बाळ्याच. त्याला इथे मीच आणलं. दिग्दर्शकांना भित्रा चेहरा हवा होता आणि पन्नास-साठ जण घाबरल्याचा अभिनय करून गेले होते. मी म्हटलं, “सर, आमच्या घरात एक आहे, त्याला अभिनय करावाच लागणार नाही.” बाळ्या आत आला, दाराला धक्का लागला तर दारालाच सॉरी म्हणाला, आणि काम मिळालं. हा किस्सा मी आजवर शंभरदा तरी सांगितला असेल. दर वेळी बाळ्या खाली मान घालून हसतो.

तो मला मावशी म्हणतो म्हणून आता सगळं युनिटच मावशी म्हणतं. नाव विसरले असतील.

७ फेब्रुवारी

आज हाताची जखम. सात टप्पे, सहा तास, कंबरेचा पार बोऱ्या वाजला.

नव्या असिस्टंटला वाटलं, आधी जखम करायची आणि मग थोडी थोडी पुसत जायची. म्हटलं, बाळा, पुसली की कातडी लाल होते, तेलकट दिसते. आपण उलटं करतो. हात लाकडी खाचेत पट्ट्यांनी बांधायचा, कॅमेरा एका जागी पक्का करायचा. पहिला टप्पा कोरा हात. मग पुसट गुलाबी रेघ, मग वाळलेली खपली, मग ओली खपली, असं करत करत सातव्याला उघडी जखम आणि रक्त. प्रत्येक टप्प्याचं चित्रण करायचं. नंतर ते उलटं फिरवतात आणि जखम मिटत जाते. लोकांना दिसतं ते बरं होणं. आम्ही इथे दिवसभर जखम वाढवत बसलेलो असतो.

बाळ्याला ते खाचेत हात ठेवून बसणं छान जमतं. दुसरा नट असता तर तासाला एकदा बोंबलला असता. लहानपणी पण त्याला कोपऱ्यात बस म्हटलं की ऊठ म्हणेपर्यंत उठायचा नाही. एकदा आम्ही दोघी विसरूनच गेलो होतो.

१३ फेब्रुवारी

डुप्लिकेट सोडून गेला. म्हणजे सशाच्या जागी पडणारा, आपटणारा माणूस. पाठ धरली म्हणाला, घरात मुलं आहेत म्हणाला, आणि सामान उचलून चालता झाला. मला त्याचा रागच आला. असं मध्येच कुणी जातं का?

फाइट मास्टर म्हणाले, “नको दुसरा. ससा स्वतःच पडेल. मला खरा घाबरलेला माणूस पडताना हवाय.” दिग्दर्शकांना ते फार पटलं. त्यांनी बाळ्याला विचारलं, “जमेल ना?”

“हो सर. सॉरी सर.”

सॉरी कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही. सगळे हसले. मीही हसले.

१९ फेब्रुवारी

जिन्यावरून गडगडत खाली येण्याचा शॉट. चार वेळा. चौथ्या वेळी मास्टर ओरडले, “आता बरोबर घाबरलास!”

दुपारी लगेच पुढचा प्रसंग: ससा घरी येतो, शर्ट काढतो, आरशात बघतो, अंगावर ओरखडासुद्धा नाही. म्हणून पाठ करायला बसवला. एका हाताने शर्ट काढत होता. म्हटलं, “नवरदेव, जरा लवकर.” बरगड्यांवर तळहाताएवढा निळा-काळा डाग. असल्या निळ्यावर थेट कातडीचा रंग लावला तर राखाडी दिसतं. आधी नारिंगी, मग पिवळसर, मग कातडीचा, वरून पावडर. पंधरा मिनिटांत पाठ कोरी. दिग्दर्शक नाक लावून बघत होते, काही सापडलं नाही. मलाच पुन्हा शोध म्हटलं असतं तर शोधावं लागलं असतं.

रंग लावताना दोनदा दचकला. स्थिर बस म्हटलं, बसला.

दुखतं का ते विचारायचं राहून गेलं. पण दुखत असतं तर बोललाच असता.

२१ फेब्रुवारी

आज सुट्टी. पाय वर करून पडले होते, ताईने मालिका लावली. तिची पद्धत ठरलेली आहे. सशाला लागलं की दोन्ही हातांनी डोळे झाकते आणि विचारते, “मिटलं का गं?” मी मिटलं म्हणेपर्यंत हात काढत नाही. स्वतःचा मुलगा शेजारी बसून सफरचंद खातोय तरी.

बाळ्या झोपायला गेल्यावर म्हणाली, “हल्ली तो डाव्या कुशीवर झोपत नाही. तिथे सगळं नीट आहे ना?”

“काम आहे ताई. अंग दुखतं माणसाचं.”

“तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. माय मरो नि मावशी जगो म्हणतात ते उगीच नाही.”

“आधी तू मर तरी, मग बघू,” मी म्हटलं. दोघी हसलो.

२६ फेब्रुवारी

आज खांदा काळानिळा. डावा, मागच्या बाजूला. मास्टरना सांगायला हवं की दोन दिवस त्याला पाडू नका. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

२७ फेब्रुवारी

मास्टर सकाळपासूनच तापलेले होते. दुपारी जरा निवळले, तर दिग्दर्शक शेजारी. आणि मी सांगणार काय? रंगवणारी बाई मी. चाळीस वर्षं या खोलीच्या बाहेर नाक खुपसलं नाही, म्हणून तर टिकले. माझ्याबरोबरीच्या किती जणी आल्या, भांडल्या आणि गेल्या.

सोमवारी बोलते.

बाळ्या कुणावर गेलाय कोण जाणे. आमच्या घरात असं भित्रं कुणी नाही.

६ मार्च

अंगावर आता पाच जागा झाकते आहे. सकाळी त्यात पाऊण तास जातो, म्हणून आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी येतो. आज युनिटमधल्या एकीने बाळ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “याला खरंच काही लागत नाही वाटतं!” झाकली मूठ सव्वा लाखाची. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातात अजून जादू आहे.

ओठांना फिका रंग लावत होते तेव्हा म्हणाला, “मावशी, एक सांगू?”

“आधी ओठांचं होऊ दे.” ओठ चालू असताना बोलायचं नाही हा माझा नियम. मोठमोठे नट पाळतात.

झाल्यावर म्हटलं, “हं, बोल आता.”

“काही नाही. नंतर.”

नंतर विसरला असेल. मीही विसरले, आत्ता लिहिताना आठवलं.

९ मार्च

चहाचा कप हातातून पडला त्याच्या. साफ करायला बसला तर कपाचीच माफी मागायचा राहिला होता. आता प्रसिद्धी मिळाली की माणसं अशी हरवल्यासारखी वागतातच.

मास्टरशी बोलणं झालं नाही. पाच-सहा दिवसांत मोठा शॉट आहे, तो होऊन जाऊ दे. ऐन मोक्याला कशाला खोडा घालायचा.

१४ मार्च

पाठ मोडली, पण आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

सकाळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याचा शॉट. खाली गाद्या होत्या. एक गादी जरा सरकली, पण शॉट एकदम फर्मास झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळ्या उठला, हात पोटाशी धरून सगळ्यांना सॉरी म्हणाला आणि माझ्या खोलीत आला. दिग्दर्शकांना लगेच त्याच हाताचं बरं होणं हवं होतं, एकाच दिवशी, म्हणजे उजेड जुळतो. डावा हात खाचेत घेतला, पट्ट्या आवळल्या. पहिला टप्पा, कोरा हात. मनगटाशी थोडा जाड वाटला. म्हटलं असू दे.

आणि मग काय झालं माहीत नाही, पण हातानेच मला साथ दिली. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मनगट छान फुगलं होतं. पाचव्याला बोटं सुजली, कातडी ताणून चकचकीत झाली. तशी चकाकी मी मेण लावून कितीदा आणायला बघितली आहे, कधी साधली नाही. चेहऱ्याला फिका रंगही लावावा लागला नाही, आपोआप पांढराफटक होता. पाणी हवं का विचारलं, नको म्हणाला.

चौथ्या टप्प्यानंतर म्हणाला, “मावशी, पट्टी जरा सैल करता येईल?”

“सैल केली तर हात हलेल रे राजा. तीन तासांचं काम पाण्यात जाईल.”

“बरं. सॉरी.”

“अजून तीनच टप्पे.”

“बरं.”

पट्ट्या जिथे रुतल्या होत्या तिथल्या कडा दिसत होत्या, त्याही मी रंगात मिसळून टाकल्या. सातव्या टप्प्याला रक्त ओतलं तेव्हा खोलीतले सगळे पुढे सरसावून बघायला लागले. दिग्दर्शक म्हणाले, “मावशी, सूज कशी आणलीत? उलटं फिरवलं की सूज उतरताना दिसणार, असं कधी कुणी दाखवलंच नाहीये!” मी नुसती हसले. पट्टीमुळे फुगला असेल थोडा, पण सगळं सांगायलाच हवं असं थोडंच आहे.

बाहेर कसला तरी आरडाओरडा चाललाय. बघून येते.

१५ मार्च

हॉस्पिटल. नंतर लिहीन.

१८ मार्च

लिहायला बसते आणि उठते. आज लिहितेच.

पट्ट्या सोडल्यावर बाळ्या बाहेर जाऊन बसला, थोड्या वेळाने उठला, गेटपर्यंत चालत गेला आणि तिथे खाली कोसळला. मी तेव्हा मेकअपच्या खोलीत वही घेऊन बसले होते. बाहेरच्यांना वाटलं सशाची गंमत करून दाखवतोय. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

गाडीतून नेला तसाच, रंगासकट, रक्तासकट. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीण बाईंनी हात बघितला आणि बँडेज मागवलं. मी म्हटलं, थांबा, ही जखम खोटी आहे, मी केलेली आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे.

“मग यातलं खरं काय आहे?”

मी म्हटलं, काढून देते. माझ्या पिशवीत तेल होतं, कापूस होता. रक्त निघालं, मेण निघालं, खपली निघाली. खाली निळं होतं, जांभळं होतं. मला वाटलं रंग राहिलाय. मी घासत राहिले. नवा कापूस घेतला, परत घासलं. रंग जाईचना. बाळ्या वर दिव्याकडे बघत होता. शेवटी डॉक्टरीण बाईंनी माझा हात धरला.

“बाई, थांबा. हा रंग नाही.”

रात्रीतच शस्त्रक्रिया केली. त्यांनी नंतर समजावलं. मनगट सकाळीच मोडलं होतं, ते साधं होतं, जुळलं असतं. पण सूज चढत असताना हात पाच तास घट्ट बांधलेला राहिला. आत दाब वाढला, रक्त पोचेना. कोपरापासून चिरून मोकळा करावा लागला. हात वाचला आहे. बोटांचं आत्ताच सांगता येत नाही.

“कुणी बांधून ठेवलं होतं?”

“आम्ही,” मी म्हटलं. आम्ही म्हटलं.

बरगड्यांचाही फोटो काढला. दोन जुन्या मोडलेल्या, आपोआप सांधत आलेल्या.

२२ मार्च

दिग्दर्शक आणि मास्टर फुलं घेऊन आले. बाळ्याच्या पायाशी बसले. दोघांचे डोळे ओले होते, नाही कसं म्हणू.

मास्टर म्हणाले, “अरे, एक शब्द बोलला असतास तर तिथल्या तिथे थांबवलं असतं.”

“हो सर. चुकलंच,” बाळ्या म्हणाला.

मीही मान डोलावली. खरंच आहे. माणसाने तोंड उघडायला नको का? आपल्याला लागलंय ते आपण नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि मग दोष इतरांना. ताईलाही मी हेच म्हणाले. तिने पाठ फिरवून बाळ्याची उशी सारखी केली.

बसमध्ये आठवलं की पट्टी सैल कर म्हणाला होता. म्हणजे बोलला होता. तेवढं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे.

३ एप्रिल

कामावर गेले. जायलाच हवं.

मालिका थांबणार नाही. लेखकांनी तोड काढली आहे: ससा आगीत सापडतो, चेहरा जळतो आणि बरा होताना नवाच चेहरा येतो. म्हणजे नवा नट. आपोआप बरा होणारा नायक असला की लेखकांना कसली अडचण येत नाही.

नवा माणूस आज पहिल्यांदा माझ्यासमोर बसला. मी खोटी कातडी चिकटवायच्या डिंकाची बाटली उघडली, तर म्हणाला, “एक मिनिट. मला याने पुरळ येतं. आधी कानामागे लावून बघा, अर्धा तास थांबू.” मी बाहेर जाऊन घाबरत घाबरत सांगितलं. दिग्दर्शक म्हणाले, “बरं, थांबू या.” झालं. तीस माणसं अर्धा तास चहा पीत उभी राहिली. आकाश कोसळलं नाही. मग मास्टर पडण्याचं सांगायला आले, तर हा म्हणाला, “छे, मी नाही पडणार. माणूस बोलवा.” उद्या माणूस येतोय.

मी बाटलीचं झाकण लावत होते आणि मला इतका राग आला की ते वाकडंच आवळलं गेलं. कुणाचा राग ते धड समजेना. त्या बिचाऱ्याचा तर नक्कीच नाही.

१० एप्रिल

तो भाग काल दाखवला. नको लावूस म्हटलं तर बाळ्याच म्हणाला, लाव. हात गळ्यात बांधलेला, उशीवर टेकवलेला. ताई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना.

गॅलरीतून पडला. ताईने डोळे झाकले. मग पडदाभर हात. रक्त मागे सरकायला लागलं. जखमेच्या कडा जवळ आल्या. बोटांची सूज उतरली, कातडी मऊ झाली, मनगट बारीक झालं, खपली, रेघ, आणि कोरा हात. खरंच, इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलेलं नाही. मला हुंदका आला आणि मी तो खोकल्यात घातला.

“मिटलं का गं?” ताईने डोळ्यांवरचे हात न काढता विचारलं.

मी अजून खोकत होते. बाळ्याने उत्तर दिलं. “मिटलं, आई.”

त्याची दोन बोटं अजून हलत नाहीत.

थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, “छान झालंय, मावशी.” टोमणा नव्हता. टोमणा मारता येत असता तर बरं झालं असतं.

आज वाहिनीच्या कचेरीतून फोन आला. लोकांनी तो तुकडा लाखो वेळा बघितला म्हणे. माझं नाव विचारत होते, कुठे तरी छापायचंय. मी फोन ठेवून दिला. पहिल्यांदाच कुणाचा तरी फोन मध्येच ठेवला.

२१ एप्रिल

आठवड्यातून चार दिवस व्यायामाला नेते त्याला. सकाळचं काम मी सोडलं आहे, दुपारी जाते. तिथल्या फिजिओ तरुण आहेत, कडक आहेत. एकेक बोट धरून वाकवतात आणि विचारतात, “दुखतंय?”

“नाही,” बाळ्या म्हणतो.

आणखी वाकवतात. “आता?”

“नाही.”

तीन आठवडे हेच. आज त्यांनी करंगळी धरून आणखी ताण दिला आणि मला राहवेना. मी मागे खुर्चीवर बसले होते, तिथूनच म्हणाले, “अहो, थांबा. त्याला दुखतंय.”

“ते तर नाही म्हणतायत.”

“तो म्हणणारच नाही. दुखलं की तो श्वास धरतो आणि मान जरा आत घेतो. बघा ना, आत्ता सोडला श्वास. दोन वर्षांचा होता तेव्हापासून असंच आहे. मला पाठमोरा असला तरी कळतं.”

फिजिओंनी हात खाली ठेवला. “बरं झालं सांगितलंत. मी भलत्याच अंदाजाने ताण देत होते, उलट नुकसान झालं असतं. तुम्हीच रोज येत जा बाई, मला उपयोग होईल.” मला बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी माझी गरज आहे म्हणालं होतं.

मग बाळ्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

घरी येताना माझ्या दोन पावलं पुढे चालत होता. आमच्या जिन्यापाशी आल्यावर थांबला. “पाठमोरा असलो तरी कळतं?”

मी म्हटलं, “चल वर, आई वाट बघत असेल.”

“पाठीला रंग लावायचीस तेव्हाही मी पाठमोराच असायचो.”

मी किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती.

“आणि त्या दिवशी? खाचेत?”

मला सांगता आलं असतं, की कामाच्या गडबडीत माणसाचं लक्ष नसतं. मला वाटलं घाबरलाय. चाळीस वर्षांत खोट्या जखमा बघून बघून खरी ओळखू येईनाशी होते. हे सगळं मी त्या दिवसापासून मनात घोकून ठेवलेलं आहे. ताईसाठी तयार होतं, डॉक्टरांसाठी तयार होतं. पण तो माझ्याकडे असा बघत होता की मला त्यातलं एकही वाक्य उचलता येईना.

“हो,” मी म्हटलं. “कळत होतं.”

“मग?”

“मला भीती वाटली. काम बंद पडेल, सगळे माझ्याकडे बघतील म्हणून.”

त्याने मान हलवली. भीती म्हणजे काय ते त्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती. मग तो पुढे होऊन जिना चढला. माझ्यासाठी दार उघडं धरून उभा राहिला, नेहमीसारखा. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षं मी लोकांचे चेहरे झाकत आले, आज मला माझा कुठे ठेवू ते कळेना.

२२ एप्रिल

सकाळी त्याची फाइल काढली, पाण्याची बाटली भरली, चप्पल घालून दाराशी उभी राहिले. तो गळ्यातली झोळी अडकवत होता. एका हाताने आणि दातांनी गाठ मारत होता. मी मदतीला पुढे झाले तर जरा बाजूला सरकला.

“मावशी, तू नको येऊस.”

मला वाटलं माझ्या गुडघ्यांची काळजी करतोय. म्हटलं, “अरे, मला काही त्रास नाही. आणि त्या बाईंना कोण सांगणार तुला कुठे दुखतंय ते?”

“मी सांगेन.” गाठ सुटली, त्याने परत मारली. “तू नको.”

फाइल माझ्या हातातून घेतली, काखेत धरली, आणि गेला. जिन्यावरून त्याची पावलं ऐकू येत होती. सावकाश, पण एकदाही थांबली नाहीत.

ताई आतून हात पुसत आली. “अगं, तू अजून इथेच? गेली नाहीस?”

“त्याने नको म्हटलं.”

“कुणी?”

“बाळ्याने.”

“नको म्हटलं? तुला?” ताई माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. “असं सरळ? तोंडाने?”

“हो,” मी म्हटलं. “दोनदा.”

ताईने पदर तोंडाला लावला. तिला आनंद झाला होता, आणि तो माझ्यापासून लपवायचा ती प्रयत्न करत होती, पण तिला ते जमत नव्हतं. मी खाली बसले आणि चप्पल काढली.